जहाज पाठवू नका

परतूर स्टेशनात गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबायची. तेवढ्या वेळात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी ज्वारीचं पोतं डब्यात चढवलं आणि मग मला. १९५१ साल होतं. माझ्या लग्नाला महिना झाला होता आणि मी नवऱ्याबरोबर पुण्याला निघाले होते. आष्टीहून झुंजुमुंजू व्हायच्या आत जुंपलेली बैलगाडी दहाच्या सुमारास स्टेशनावर पोचली. माय गाडीतून उतरलीच नाही. रुळांकडे पाठ करून तशीच बसून राहिली. नाना खिडकीशी आले, गजांवर हात ठेवून म्हणाले, "पोचल्याचं कार्ड टाक. आन् ज्वारी सरत आली की लिव्ह, सरल्यावर न्हाई."

त्या पोत्यासाठी त्यांनी तहसिलात चार खेपा घातल्या होत्या. आपला मुलूख तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि पुणं मुंबई राज्यात. धान्य पलीकडे न्यायला परवाना लागायचा. आता हे सांगितलं की माझ्या नातवंडांना गंमत वाटते. पुणं म्हणजे काय परदेश होता का, असं ती विचारतात. मला तरी होता.

हे मी आष्टीत मागे राहिलेल्यांसाठी लिहिते आहे आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांसाठीही. मी जे केलं ते तुमच्यापैकी पुष्कळांनी केलं असेल. फरक एवढाच, की माझं छापून आलं.

पुण्यात आमची एक खोली होती. नवरा छापखान्यात कंपोझिटर. दिवसभर उभं राहून अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी काळ्या बोटांनी घरी यायचे. मी 'ज्वारी' म्हणाले की शेजारणी 'जोंधळा' म्हणायच्या. मी 'जल्दी करा' म्हणाले की हसायच्या. हळूहळू मी 'लवकर' म्हणायला शिकले, 'न्हाई'चं 'नाही' झालं, आणि पुढे तर आष्टीला गेले की तिथल्या बाया माझ्या बोलण्याला हसू लागल्या. रेशनच्या दुकानात जी ज्वारी मिळे तिची भाकरी थापताना चिरायची. पण दर वर्षी होळीच्या आगेमागे पाकिटातून रेल्वेची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, यायची. ती घेऊन हे स्टेशनावर जायचे आणि टांग्यातून दोन पोती आणायचे. एकात ज्वारी, दुसऱ्यात तुरीची डाळ, शेंगा आणि मधेच कुठेतरी मायनं खुपसलेली कारळाच्या चटणीची पुरचुंडी. पोत्यावर नानांनी शाईनं 'पूना' लिहिलेलं असायचं, उर्दूत. निजामाच्या राज्यातल्या शाळेत ते तेवढंच शिकले होते. मराठी अक्षर त्यांना वाचता येत नसे. त्यांची पत्रं गावातले मास्तर लिहून द्यायचे.

हे छापखान्यातून बिघडलेले फर्मे घरी आणायचे. ते कागद फळीवर अंथरायला म्हणून असत, पण मी आधी वाचून काढायची. एकदा त्यात परग्रहावर राहायला गेलेल्या माणसांची गोष्ट निघाली. त्यांच्याकडे यंत्रं होती, बंदुका होत्या, शत्रू होता. मी यांना विचारलं, "ही माणसं तिकडं खातात काय?"

हे हसले. म्हणाले, "ते कुणी लिहिलेलं नाही. तूच लिही."

मी लिहिलं. चार महिने लागले. मंगळावर एक वस्ती असते. तिथल्या मातीत काही उगवत नाही. दाणा, बी, कापड, औषध, सगळं पृथ्वीवरून जहाजानं येतं. ते जहाज आलं की तिथं सण. लेकरांची वयंसुद्धा लोक जहाजावरून मोजतात, याचा जन्म अमक्या जहाजाच्या वेळचा म्हणून. शेवटी एका वर्षी काचेच्या घरात चार कणसं येतात. वस्तीची कारभारीण पृथ्वीला निरोप धाडते, 'यंदा आमचं थोडं पिकलं आहे. पण जहाज थांबवू नका.' तिथं माझी गोष्ट संपत होती.

यांनी ती संपादकांना दाखवली आणि त्यांना आवडली. दिवाळी अंकात घ्यायची ठरली. माझी गोष्ट यांनीच जुळवली. एका संध्याकाळी तपासायची मुद्रितं घेऊन घरी आले आणि शेवट आधी वाच म्हणाले. मी शेवटचं पान काढलं. तिथं लिहिलं होतं, 'आता आम्हाला तुमच्या दाण्याची गरज उरलेली नाही. जहाज पाठवू नका.' हे म्हणाले, "संपादकांनी बदललंय. म्हणाले, देश स्वतंत्र झालाय, लोकांना स्वावलंबन वाचायला आवडतं. तू नको म्हणालीस तर उद्या सकाळी जाऊन सांगतो."

मी नको म्हणाले नाही. वर ठळक अक्षरात माझं नाव होतं. मी त्याच्याकडेच बघत होते.

अंक निघाल्यावर एक प्रत आष्टीला पाठवली. मास्तरांच्या हातचं कार्ड आलं, अंक मिळाला, सर्व खुशाल. नानांना गोष्ट कशी वाटली, ते त्यात नव्हतं.

त्या वर्षी होळी झाली, पाडवा झाला, बिल्टी आली नाही. आधी वाटलं टपाल गहाळ झालं. मग वाटलं नानांची तब्येत बिघडली आणि माझ्यापासून लपवून ठेवलंय. मी कार्ड टाकलं, सगळे बरे आहात ना? उत्तर आलं, सर्व खुशाल. भावाचं लग्न नुकतं झालं होतं. नव्या भावजयीनं काही म्हटलं असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं, आणि त्याची मला अजून शरम वाटते. ज्वारी का नाही आली, एवढं सरळ विचारायला हवं होतं. पण लग्न झालेल्या मुलीनं माहेरचं धान्य मागायचं कसं? मी रेशनची ज्वारी आणली. यांनी चिरलेली भाकरी मुकाट्यानं खाल्ली. मी मात्र एका दुपारी परातीतलं पीठ तसंच ठेवून रडले.

वैशाखात दोन वर्षांच्या लेकीला घेऊन मी आष्टीला गेले. सगळे खरंच खुशाल होते. नाना तब्येतीनं ठणठणीत. भावजयीनं पायांवर पाणी घातलं, लेकीला उचलून कडेवर घेतलं. मी आत गेले तर कोठीच्या खोलीत भिंतीला टेकून दोन पोती उभी. तोंडं शिवलेली. वर शाईची ती ओळखीची अक्षरं.

बाहेर येऊन मी विचारलं, "नाना, ही पोती कुणाची?"

"तुझीच व्हती."

"मंग पाठवली का न्हाईत?" कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून 'न्हाई' आलं.

नाना माझ्याकडे न बघता बोलू लागले. "तूच नको म्हनलीस. छापून म्हनलीस. मास्तरांनी दोन बार वाचून दाखवलं, चावडीवर, समद्यांसमोर. म्या म्हनलं, पोरगी आता आपल्या पायावर उभी हाय. चांगलं झालं. पण जहाज पाठवू नका म्हनल्यावर कसं पाठवावं?"

"ते माझं वाक्य न्हाई, नाना. त्यांनी बदललं."

"तुला माहीत व्हतं का बदलल्यालं?"

मी मान हलवून हो म्हटलं. मी त्यांना माझा शेवट सांगितला, काचेचं घर, चार कणसं, कारभारणीचा निरोप, सगळं. त्यांनी बारीक लक्ष देऊन ऐकलं आणि मग शेतकऱ्यानं विचारावा तसा प्रश्न विचारला.

"परत येताना त्या जहाजात काय यायचं?"

"काही न्हाई. रिकामं यायचं."

"बिलकुल रिकामं?"

"त्यांच्याकडं देण्यासारखं काही नसतं, नाना."

"मंग इकडं भरून देणाऱ्याला कसं कळावं, की तिकडं त्याची कुणाला याद हाय?"

माय चुलीपाशी होती. ती रागावली नव्हती. तव्यावरची भाकरी उलटत, ज्वारीला कीड लागलीय म्हणावं अशा साध्या आवाजात म्हणाली, "पाच वर्सं झाली. दर साली पोती गेली. तिनं तरी एकदा लिहिलं का, माय, तुला काय पाहिजे म्हणून?"

मी लिहिलं नव्हतं. आठवून पाहिलं. माझ्या प्रत्येक पत्रात पोती पोचली, डाळ चांगली शिजते, चटणी संपली, असंच असायचं. मी स्वतःला गरीब समजत होते, आणि गरिबाकडून कुणी काही मागत नाही असं गृहीत धरून चालले होते. माझ्या मंगळावरचे लोकही तसेच होते. त्यांना पृथ्वीवरच्या माणसांचा निरोप कधी आलाच नाही, कारण मी तो लिहिलाच नव्हता.

"माय, तुला काय पाहिजे?" मी विचारलं.

"आता काय, म्हातारपणी," म्हणून तिनं टाळलं. मी चार दिवस विचारत राहिले. पाचव्या दिवशी शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, "सुईत दोरा जात न्हाई बघ. दोन वर्सं झाली. आता सुनेला ओवून मागावा लागतो."

मी परत निघाले तेव्हा माय बरोबर होती, आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेत बसलेली. मनमाडला गाडी बदलताना तिनं माझा पदर सोडला नाही. ती दोन पोतीही आमच्याबरोबरच आली. पुण्यात डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले, यांनी चष्मा करून आणला. तो लावून तिनं आधी सुई नाही उचलली. माझ्या लेकीला समोर बसवून तिच्याकडे कितीतरी वेळ बघितलं, आणि म्हणाली, "हिच्या हनवटीवर तीळ हाय. म्या पाहिलाच नव्हता." महिनाभर राहून, माझ्या सगळ्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून ती गेली.

त्याच वर्षी आपला मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला. मास्तरांच्या अक्षरातली पत्रं पुढेही येत राहिली, पण मजकूर बदलला. नानांसाठी दम्याचं औषध पाठव. भावाच्या विहिरीवरच्या इंजिनाचा एक पट्टा तिथं मिळतो का बघ. मास्तरांची मुलगी शिकायला येते आहे, तिला ठेवून घे. ती मुलगी आमच्या एका खोलीत दोन वर्षं राहिली. इतकी अडचण व्हायची की हे व्हरांड्यात झोपायचे. पण त्या दिवसांत मला पुण्यात परकं वाटलं नाही. मी ती गोष्टही पुन्हा लिहिली, जहाज भरून येतं आणि भरून जातं अशी. संपादकांनी परत केली. त्यात काही घडत नाही, म्हणाले.

आता नाना नाहीत, माय नाही, हेही गेले. भाच्याचं घर जालन्यात आहे, तो तिथं नोकरी करतो. मी फोन केला की विचारते, "काही पाठवू का रे? इकडे चांगली औषधं मिळतात. लेकराला पुस्तकं?" तो फार मायेचा आहे. म्हणतो, "आत्या, आता सगळं मिळतं इथं. तू कशाला त्रास घेतेस?" खरंच आहे त्याचं. मलाही इथं सगळं मिळतं. चांगली शाळू ज्वारी कोपऱ्यावरच्या दुकानात असते, भाकरी चिरत नाही.

तरी मी फोन लगेच ठेवत नाही. पावसापाण्याचं विचारते, भाचेसुनेचं विचारते, बोलणं लांबवते. दर वेळी वाटतं, आता तो म्हणेल, आत्या, येताना एवढं घेऊन ये.