आप्पांची हाळी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. रांजणगावला कंपनीत क्वालिटीत होते... मापात बसलं तर ओके, नाही तर रिजेक्ट. तेव्हा 'ताई, तुम्हाला भास झाला' असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा.

२००३ चा मे महिना. गाव मांडवगण फराटा. आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले त्याचा दहावा दिवस. आम्ही धनगर. पण मी जन्मायच्या आधीच आप्पांनी कळप विकला आणि लोकांच्या रानात रोजानं राबले. चुलते उठता-बसता म्हणायचे, "चालायचा कंटाळा, म्हणून मेंढरं इकली. आळशी!" मलाही ते खरंच वाटायचं. आई लहानपणीच गेली, आणि या माणसानं मला कधी शाळेच्या सहलीला पाठवलं नाही, मामाच्या गावी जाऊ दिलं नाही. नोकरी लागल्यावर भांडून कारेगावात खोली घेतली, तर तीन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. दहावा उरकायचा, घराला कुलूप लावायचं आणि परत या गावाला तोंड दाखवायचं नाही, असं ठरवूनच आले होते.

दुपारचे चार वाजले असतील. चुलत्यांनी खतासाठी रानात मेंढरं बसवली होती, दौंडकडच्या एका म्हाताऱ्या मेंढक्याची. मी बांधावर उभी होते. कुत्रं आडवं आलं की काय, कळप बिथरला आणि सगळाच्या सगळा डांबरी रस्त्याकडं पळत सुटला. समोरून खडीचा डंपर! म्हातारा ओरडतोय, पण ऐकतंय कोण... आणि माझ्या तोंडून हाळी निघाली. ती लिहून दाखवता येत नाही. पोटातून निघून वर चढत जाणारी, शेवटी टाळूवर जिभेचा टक्क आवाज. मी ठरवून काहीच केलं नव्हतं.

कळप जागीच थबकला. वळला. आणि येऊन माझ्याभोवती उभा राहिला.

म्हातारा जवळ आला. "पोरी, ही हाळी कुठं शिकलीस?"

"कुठंच नाही, बाबा."

"आगं, ही तुझ्या बापाची हाय. धा वर्सं संगं चाललो आमी. आन् माझी मेंढरं माझ्या लेकाच्या हाळीला बी वळत न्हाईत... तुझ्या कशी वळली?"

आप्पांना हाळी देताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "त्यांना तर चालायचा कंटाळा होता ना?"

"कुनी सांगितलं? तुझ्या आधीची दोन लेकरं वाटंवर गेली. एक घाटात, एक खाली कोकनात. तू पोटात आलीस तवा म्हनला, ह्ये लेकरू वाटंवर जाऊ द्यायचं न्हाई. कळप इकला आन् ढसाढसा रडला."

दोन लेकरं! मी तिथंच बसले आणि हंबरडा फोडला. सहल... मामाचं गाव... कारेगाव... अहो आप्पा, एका शब्दानं सांगायचं ना!

चुलती धावत आली, मागोमाग चुलते. "अंगात आलंय पोरीच्या, देवऋषीला दाखवा." मी उठले. चुलत्यांना म्हटलं, "मला कुणाला दाखवायचं नाही. दोन पोरं गेलेली तुम्हाला ठाऊक होती ना? मग आळशी कुणाला म्हणत होता?"

त्या दिवसानंतर किती वेळा प्रयत्न केला. घशातून नुसती किंचाळी निघते. ती हाळी माझ्यात कुठून आली, परकी मेंढरं का वळली, मला आजही सांगता येत नाही. तुम्ही भूत म्हणा, भास म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण माझ्या बापाला आळशी म्हणायचं असेल, तर माझ्यासमोर येऊन म्हणा.