वाळूचा दोष

दार लोटलेलं होतं, पण बाथरूममध्ये कुजबूजसुद्धा घुमते. बाहेर तर तिचा नवरा नि दीर तावातावानं भांडत होते. आत ती छिन्नीनं भिंतीवरचा ऑइलपेंट खरवडत होती.

"दादा, गिऱ्हाइकाला वहिनीचंही नाव सांग की. भिंत तीच करते."

"भिंत करते? अरे, रंगाचे टवके काढते! त्याला काय अक्कल लागते? टाइल्स मी लावतो."

टाइलवाल्याची बायको, एवढीच तिची ओळख. पण रंगावर सिमेंट धरत नाही हे तिला पक्कं ठाऊक. आधी रंग काढायचा, मग बोटाबोटावर खाचा पाडायच्या, धूळ झाडायची, पाणी मारायचं. भिंत पाणी प्यायली तर ठीक. थेंब घरंगळले तर पुन्हा छिन्नी. संध्याकाळी केसांत एवढी धूळ, की लेक म्हणायची, "आई, आजच म्हातारी झालीस गं!"

त्या दिवशी मात्र तिचं डोकं फिरलं. नळाखालची परातीएवढी जागा तिनं तशीच सोडली, हिरवी, गुळगुळीत. बघू या म्हटलं, अक्कल कशाला लागते ते.

दोन महिन्यांत तिथल्या चार टाइल्स धाडकन खाली आल्या. गिऱ्हाइकानं नवऱ्याला फैलावर घेतलं. मागं हिरवा रंग लख्ख दिसत होता. नवऱ्यानं तो पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता तरी म्हणेल, हिनं भिंत केली नाही म्हणून पडल्या. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तरी तिनं गोड मानून घेतल्या असत्या.

"वाळूच खराब आली, साहेब," तो म्हणाला.

वाटेत तिनं विचारलं, "वाळू होय?"

"मग काय?"

"काही नाही. वाळूला कान नसतात, ते एक बरं."

त्यानंतर तिनं नखाएवढी जागाही सोडली नाही. लोकांच्या घरांनी तिचं काय घोडं मारलं होतं? पण नवऱ्याच्या तोंडून त्या कामाबद्दल शब्द निघाला नाही तो नाहीच. तो गेला तेव्हा भेटायला आलेले म्हणाले, "एकट्याच्या हातानं केवढी कामं केली!" ती चहा ओतत राहिली. दिरानं मान खाली घातली.

एक बाथरूम अर्धं राहिलं होतं. पुढच्या आठवड्यात ती एकटीच गेली. उरलेला रंग काढला, खाचा पाडल्या, धूळ झाडली, पाणी मारलं, टवके गोणीत भरले. त्यानंतर तिनं छिन्नी हातात धरली नाही.

"सकाळी आणखी एकदा पाणी मार, मग लाव," तिनं नव्या टाइलवाल्याला सांगितलं, आणि गोणी डोक्यावर घेऊन जिना उतरली.