माही पाळी

आमच्याकडे नुसतं ‘ऑपरेशन’ म्हटलं की ते कुटुंबनियोजनाचं, आणि तेही बाईचंच. म्हणून आर्णीकडच्या एका सरकारी दवाखान्यात धाकट्या लेकीला मांडीवर घेऊन मी बायकोच्या नंबराची वाट पाहत बसलो होतो.

समोरच्या बाकावर पस्तिशीचा एक माणूस एकटाच होता. पायाशी पिशवी, तिच्यात घडी केलेली सतरंजी. बाया आल्या की तो सरकून जागा द्यायचा. असा सरकत सरकत अगदी कडेला पोचला होता.

नर्सनं त्याला विचारलं, “तुमची बाई कुठं हाय?”

“घरी हाय जी. ऑपरेशन माहं हाय.”

नर्सनं त्याच्याकडे नीट पाहिलं. “आठ दिवस फवारणीचा पंप उचलाचा नाही.”

“मंग नाही उचलत आठ दिवस.”

पुरुषानं ऑपरेशन केलं की त्याच्यानं जन्मभर पंप उचलवत नाही, असं आमच्या घरी कधीच ठरून गेलं होतं.

“अन् तुमच्या मनात कसं काय आलं?”

“तिचे दोन शिजर झाले. आता माही पाळी हाय.”

पाळी म्हटल्यावर बाकावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्याला जरा उशिरा कळलं. मग तोही हसला आणि पिशवी उचलून आत गेला.

माझ्या शेजारी बसलेली बायकोही हसली होती. हसता हसता तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्याही दोन्ही लेकी शिजरच्याच.

तेवढ्यात तिला आतून हाक आली.

“जाय, तुहा नंबर आला,” मी म्हणालो. पाळी हा शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही.