ट्रायटनवरचा धूर

मुलांनो, आधीच सांगते — तुमची आजी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. अमावास्येला केस धुवू नयेत असं सांगणाऱ्या शेजारीणबाईंकडून मी मुद्दाम अमावास्येलाच शिकेकाई मागून आणत असे. तेवीस वर्षं जळगावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, कोणी भुताचा निबंध लिहिला की कारण विचारून मार्क कापले. तेव्हा पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा. मी जसं घडलं तसं, क्रमाने लिहिते आहे.

साल १९८९. तुमच्या आजोबांना जानेवारीत पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. माणूस पलंगावर टेकून बसलेला, नजर खिडकीबाहेर. आपण बोललं तर कळतंय की नाही, काही पत्ता लागत नसे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "बाई, समज राहिलेली दिसत नाही. सेवा करा, पण अपेक्षा ठेवू नका."

मी व्यवस्थित बाई. औषधांचा तक्ता भिंतीवर, अंग पुसायच्या वेळा ठरलेल्या. आठ महिने तो तक्ता पाळला आणि मग माझी कंबर धरली. त्यांना उचलणं होईना. नाशिकच्या एका सेवागृहात चौकशी केली, दिवाळीनंतर खाट रिकामी होणार होती. त्यांना तिथे ठेवायचं आणि मी तुमच्या बाबांकडे, अमेरिकेला जायचं, असं ठरवलं. हे सगळं मी त्यांच्या पलंगाशेजारी बसूनच बोलत असे... येणाऱ्या-जाणाऱ्यांशी, मोठ्याने. कळत नाही म्हटल्यावर आवाज कशाला कमी करायचा?

आजोबा रेल्वेत होते हे तुम्हाला माहीत आहे. भुसावळला वाफेचं इंजिन चालवायचे. धुरावरून त्यांना सगळं समजे. क्वार्टरच्या ओट्यावर चहा पिताना लांबूनच म्हणायचे, "बघ, काळा लोट. फायरमन नवा आहे, कोळसा कोंबतोय." हवेत बोट धरून दाखवायचे — धूर सरळ कुठवर चढला, कुठे मोडला, वारा कुठला. रस्त्यावर चालतानाही तेच. लोक हसायचे. तुमचे बाबा लहानपणी त्यांची नक्कल करायचे.

पितृपंधरवड्यात आजोबांची मोठी बहीण, आमच्या अक्का, धुळ्याहून एस.टी.ने आल्या. सोनगीरजवळ त्यांचं घर. पिशवीत भाकरीसाठी कळण्याचं पीठ, आणि आल्या आल्या भावाच्या गालावरून हात.

"काय वं सुमन, मना भाऊ तं वाळी गया."

मी नाशिकचं सांगायला सुरुवात केली, तर माझ्यावर खेकसल्या, "त्याना म्होरे आसं काबर बोलस तू? त्याले बठ्ठं समजस." अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं.

"अक्का, डॉक्टर म्हणाले—"

"डॉक्टर त्याना संगे लहाना मोठा व्हयेल शे का?"

भावाची माया, दुसरं काय, असं मनात म्हटलं.

त्याच आठवड्यात तुमच्या बाबांचं जाड पाकीट आलं. ते तेव्हा तिथल्या विद्यापीठात शिकत होते. ऑगस्टमध्ये व्हॉयेजर यान नेपच्यून ग्रहाजवळून गेलं होतं आणि त्याने पाठवलेल्या फोटोंच्या नऊ प्रती त्यांना मिळाल्या होत्या. "आई, हे कच्चे फोटो आहेत," त्यांनी लिहिलं होतं, "काही साफसफाई केलेली नाही, यानाकडून आले तसेच. नानांना दाखव." आजोबांना ते नाना म्हणत. नेपच्यूनचा मोठा चंद्र आहे, ट्रायटन, बहुतेक त्याचेच. मला खरं सांगायचं तर निराशा झाली. करडा, धुरकट कागद, त्यावर ओळीने काळे ठिपके — ते चंद्रावरचे नाहीत, कॅमेऱ्याच्या काचेवरचे, मोजमापासाठी — आणि कडेला पांढरे ओरखडे. शिळ्या भाकरीचा पापुद्रा दिसतो तसा तो चंद्र.

दुपारी साडेतीनची वेळ. खिडकीतून चांगला उजेड होता. दाखव म्हटलंय म्हणून मी एकेक फोटो आजोबांच्या मांडीवर ठेवत गेले. तीन झाले, चार झाले. नजर कुठेच नाही. पाचवा ठेवला आणि त्यांनी डावा हात उचलला.

आठ महिन्यांत तो हात आपणहून उचललेला मी पाहिला नव्हता. तर्जनी हळूहळू कागदावर आली, एका जागी टेकली. तिथून सरळ वर गेली. थांबली. मग एकदम उजवीकडे वळली आणि कडेपर्यंत लांब सरकत गेली. परत त्याच जागी बोट आणि परत तसंच. तीन वेळा.

अक्कांना माझ्याआधी समजलं. "भाऊ धूर दखाडी ऱ्हायना!"

"अक्का, तो चंद्र आहे. सगळा बर्फ. तिथे धूर कुठला?"

"आंजिन हाकलेल शे त्यानी. तू हाकलेल शे का?" त्यांनी मला पेन्सिल दिली. "लिखी ठेव."

भांडण नको म्हणून मी लिहिलं. फोटोच्या मागे तारीख, आणि 'वरून तिसरी ओळ, चौथ्या ठिपक्याच्या खाली. सरळ वर, मग उजवीकडे'. भिंग घेऊन ती जागा पाहिली. नुसता करडा रंग. काही म्हणजे काही नव्हतं.

नंतर त्यांचा हात ओल्या फडक्याने पुसला, तर तर्जनीचं टोक काळं. मला वाटलं फोटोची शाई, म्हणून मी स्वतः बोट ओलं करून त्याच कागदावर घासून पाहिलं. बोट स्वच्छ. आमच्याकडे गॅस, चूल नाही, कोळसा तर कित्येक वर्षांत घरात आलेला नव्हता. पण तो काळेपणा मी ओळखला. सव्वीस वर्षं इंजिनवरचे कपडे धुतलेत मी. ती तेलकट काजळी साबणाला दाद देत नाही, कपडे धुण्याचा सोडा लागतो. सोड्यानेच निघाली.

अक्का परत गेल्या. मी हा विषय कोणाकडे काढला नाही, पत्रातही लिहिला नाही. लिहून काय लिहिणार? नाशिकला जायची बॅग भरायला घेतली.

धनत्रयोदशीच्या तीन-चार दिवस आधी बाबांचं पत्र आलं. सोबत एक छापील चित्र. 'इथे सगळे चकित झाले आहेत,' पत्रात होतं. 'ट्रायटनवर जमिनीतून काळे फवारे निघतात. एक तर सरळ आठ किलोमीटर वर चढतो आणि मग वाऱ्याने मोडून आडवा लांबपर्यंत जातो, अगदी नानांच्या इंजिनासारखा!' चित्रात त्या जागेवर बाण काढला होता.

मी पाचवा फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवले, पट्टी घेतली, खळग्यांवरून खुणा जुळवल्या. बाण तिसऱ्या ओळीतल्या चौथ्या ठिपक्याच्या खाली होता.

त्या दिवशी मी अमेरिकेचा कॉल लावला. तुमच्या बाबांनी फोटोच्या कडेचा नंबर विचारला आणि आपल्याकडच्या यादीत तो पाहून म्हणाले, "शक्यच नाही, आई. तो फोटो जवळजवळ वरून घेतलेला आहे. वरून पाहिल्यावर धुराची उंची कशी कळेल? वेगवेगळ्या बाजूंचे दोन फोटो जोडून पाहिले तेव्हा इथल्या लोकांना समजलं. तुझ्याकडे ती जोडी नाहीच. नानांनी नक्की हेच दाखवलं?"

"मागे तारीख आहे," मी म्हटलं. "माझ्या अक्षरात."

मग तुमचे बाबा रडताहेत असं लक्षात आलं. "म्हणजे त्यांना समजतंय, आई."

फोन ठेवला आणि नाशिकला नको म्हणून कळवलं. बॅग रिकामी केली. आजोबांसमोर खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, "अहो, मी तुम्हाला पाठवणार होते. तुम्ही सगळं ऐकत होतात ना?" त्यांनी खिडकीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग डावा हात माझ्या हातावर ठेवून एकदा दाबला.

त्यानंतर एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही. कंबरेसाठी एक बाई मदतीला ठेवली. भाजी कुठली करू इथपासून मी त्यांना विचारत असे. पुढे अडीच वर्षं ते होते. मी मास्तरीण ना, नऊच्या नऊ फोटो परत समोर मांडून "आणखी कुठे धूर आहे?" असंही विचारून पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं. परीक्षा घेतलेली त्यांना कधीच आवडली नाही.

काजळी कुठून आली, बोट त्याच जागी कसं गेलं, ते तुम्हीच ठरवा. योगायोग म्हणाल तर म्हणा, मी वाद घालणार नाही. फोटो तुमच्या बाबांकडे आहे, मागचं अक्षर वाचून घ्या. रात्री-अपरात्री मला तो चंद्र आठवत नाही. त्या आठ महिन्यांत त्यांच्या पलंगाशेजारी बसून मी काय काय बोलले होते, तेवढं मात्र शब्दन् शब्द आठवतं.