मेलेल्या दाताची टोपी

शेलूबाजारच्या बँडमध्ये जानराव क्लॅरिनेट वाजवायचे. आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी पोरी त्यांच्या सुरावर सासरी गेल्या. आता त्यांच्याच रत्नमालाचं लग्न ठरलं होतं. तिनं बजावलं होतं, "बाबा, डीजे नाई पायजे. पाठवणीले तुमीच वाजवाचं."

क्लॅरिनेटचं टोक वरच्या पुढच्या दातांना टेकतं. नेमका तिथलाच एक दात किडून पोकळ झालेला. ठणक्यानं बेजार होऊन ते माझ्या दवाखान्यात आले. कीड नसेपर्यंत पोचली होती, नुसतं सिमेंट भरून भागणार नव्हतं. मी रूट कॅनाल केलं. आमच्याकडे सगळे त्याला ‘नस मारणं’ म्हणतात.

"नस मारली म्हंजे दात मेला ना?" जानरावांनी विचारलं.

"आता दुखणार नाही, काका. पण ठिसूळ झालाय. कॅप बसवावी लागेल."

"मेलेल्याले टोपी कायले, डॉक्टरीणबाई? त्याले का नवरदेव कराचं हाय?"

"टोपी यायच्या डोक्याले घाला, बाई," त्यांची बायको पंचफुला म्हणाली. "दातापेक्षा थेच ठिसूळ हाय."

हसत हसत दोघं गेली. मी फोन केला की जानराव म्हणायचे, "दुखतच नाई, त कायले येऊ?"

मग दातांनी ऊस सोलताना तो दात उभा चिरला, पार मुळापर्यंत. काढावाच लागला. शेजारचे दात तंबाखूनं हललेले, त्यांच्या आधारावर पक्का बसवायचा दात, म्हणजे ब्रिज, टिकला नसता. इम्प्लांटचा स्क्रू हाडात पक्का व्हायला महिने लागतात, आणि लग्न तोंडावर आलेलं. शेवटी काढता-घालता येणारा दात करून दिला.

आरशात बघून ते म्हणाले, "दिसाले झकास हाय. वाजन का पण?"

"सांगता येत नाही, काका."

पाठवणीच्या वेळी मी तिथेच होते. बँड थांबला. जानरावांनी क्लॅरिनेट तोंडात धरून फुंकलं. दात हलला, सूर फाटला. पुन्हा फुंकलं, तर नुसती हवा. मांडवातले काहीजण फिदीफिदी हसले. त्यांनी दात काढून खिशात टाकला आणि त्या फटीनंच फुंकत राहिले.

रत्नमाला जीपमधून उतरली. क्लॅरिनेटवर हात ठेवून म्हणाली, "राहू द्या बाबा. ऐकलं म्या."

"कुठी वाजलं वं?"

 ती जीपमध्ये बसली. आम्ही वाजवू का, म्हणून बँडवाल्यांनी जानरावांकडे पाहिलं.

"नोका वाजवू," ते म्हणाले. "तशीच जाऊ द्या."