दाजींची दोन दारांची गाडी

माझ्या थोरल्या बहिणीचं सासर निरवांगीचं. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होते. लोखंडाचा तुकडा हातात घेतला की मापाला कमी आहे की जास्त, हे त्यांना माप लावायच्या आधीच कळायचं, असं त्यांच्यासोबतचे लोक सांगत. घरचा ऊस आणि थोडं डाळिंब आबा बघायचे. आबा म्हणजे दाजींचे वडील. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली तरी आक्काला मूल नव्हतं. मी बारामतीत गॅरेज चालवतो. त्याआधी पुण्यात भारी परदेशी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आठ वर्षं काढली होती.

त्या ओळखीतूनच ही गाडी घरात आली. जर्मन बनावटीची, त्या कंपनीची सगळ्यात लहान, दोनच दारं असलेली. कुणा हौशी माणसानं बाहेरून मागवलेली आणि नंतर कंटाळून विकायला काढलेली. मी दाजींना फक्त फोटो पाठवला होता, गंमत म्हणून. त्यांनी विचारलं, "इंजिन उभं हाय का आडवं?" उभं आहे आणि ताकद मागच्या चाकांना जाते, असं मी सांगितलं. पुढच्या रविवारी ते पुण्यात हजर झाले.

गावात गाडी आली तेव्हा आबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "आरं, हिची मागली दारं कुठं गेली?"

"आमाला दोनच पुरत्यात," दाजी म्हणाले. आक्का दारात उभी होती. ती आत गेली. दाजींच्या तोंडातून ते सहज निघून गेलं होतं, पण निघाल्यावर त्यांनाही कळलं. दिवसभर ते गाडी पुसत बसले.

त्या गाडीची हौस म्हणजे वेगाची हौस नव्हती. ते कधी साठ-सत्तरच्या वर गेलेले मी पाहिले नाहीत. ती बनवली कशी आहे, यातच त्यांचा जीव. दार उघडलं की काच आधी बोटभर खाली सरकते, कारण दाराला वर चौकटच नाही. बॅटरी पुढं नाही, मागं डिकीत आहे, म्हणजे पुढचं वजन कमी व्हावं. वजन पुढच्या-मागच्या चाकांवर निम्मंनिम्मं वाटलेलं असतं, हे मी सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसेना. मग एका दुपारी इंदापूरच्या रस्त्यावर उसाच्या गाड्या तोलतात त्या काट्यावर आम्ही ती नेली. आधी पुढची दोन चाकं काट्यावर चढवली, आकडा लिहून घेतला, मग मागची दोन. काटेवाला हसत होता. दोन्ही आकड्यांत जेमतेम तीस किलोचा फरक. दाजी स्वतः सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "आता बघा पावणं." परत तोललं तर फरक आणखी कमी झाला. काट्यावर उभे राहून ते लहान मुलासारखे हसले. मला त्यांचा तो चेहरा अजून दिसतो.

अडचण एकच होती, टायर. या गाडीला स्टेपनी नसते, ठेवायला जागाच नाही. त्याऐवजी टायरच असे देतात की हवा पूर्ण गेली तरी जाड भिंतीवर गाडी तोलून धरतात, हळूहळू पन्नाससाठ किलोमीटर जाता येतं. पण ती भिंत दगडासारखी कडक. त्या वर्षी आबांच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि दर पंधरा दिवसांनी त्यांना बारामतीला डॉक्टरांकडं न्यावं लागायचं. प्रत्येक खड्ड्याला आबा डोळे मिटून घ्यायचे. आक्कानं मला फोन केला. "आबास्नी लय दणकं बसत्यात. काय तरी कर की."

मी साधे, मऊ टायर सुचवले. पुष्कळ लोक तसं करतात आणि त्यात चूक काही नाही. फक्त मग डिकीत पंक्चरचं औषध आणि छोटा पंप ठेवावा लागतो, आणि गाडीला नवे टायर शिकवावे लागतात. शिकवायचं म्हणजे असं, की या गाडीच्या टायरमध्ये हवा मोजायचं यंत्र नाही. प्रत्येक चाक किती फिरतं, ते ती मोजत असते. एखाद्यातली हवा कमी झाली की ते चाक जरासं लहान होतं, बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, आणि पुढं पिवळा दिवा लागतो. टायर बदलल्यावर जुना हिशेब पुसून, थोडं अंतर चालवून, तिला नवा हिशेब घेऊ द्यावा लागतो. पाच-दहा मिनिटांचं काम.

मी टायर बदलले. डिकीत ठेवायचे छोटे पंप माझ्याकडं संपले होते, पुढच्या आठवड्यात आणून देतो म्हणालो. गिऱ्हाईकं खोळंबली होती, म्हणून हिशेब पुसायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला, "पावणं, पिवळा दिवा लागलाय."

"ऱ्हाऊ द्या दाजी, ते नव्या टायरमुळं हाय. पुढच्या खेपंला काढतो. चालवा बिनधास्त."

ते तीन आठवडे तो दिवा घेऊन गाडी चालवत होते. आबांना आता दणके बसत नव्हते. आक्कानं मला फोन करून मुद्दाम सांगितलं, "आबा गाडीत झोपलं आज."

उसाचा हंगाम जोरात होता. सकाळी आठच्या सुमाराला दाजींचा फोन आला. जनरल शिफ्टला निघाले होते, कळंबच्या अलीकडं मागचा टायर बसला. रिम रस्त्याला टेकली होती. गाडी पूर्ण बाजूला घेता येईना, कारण साइडपट्टी खचलेली आणि गाडीचं पोट जमिनीला लागत होतं. निम्मी गाडी डांबरावरच उभी होती.

मी एका जीपच्या खाली पडून ब्रेकचं काम करत होतो. फोन खांद्यात धरून म्हणालो, "तितंच थांबा दाजी. टायर घेऊन निघालो."

निघालो नव्हतो. जीपचं काम उरकलं, हात धुतले, जीपवाल्याबरोबर चहा घेतला. टायर टाकून निघायला पाऊण तास गेला. दाजींनी तोवर आक्काला फोन करून सांगितलं होतं, "तुजा भाऊ निघालाय, आता यील."

मी वाटेत असताना एका अनोळखी माणसानं दाजींच्या फोनवरून फोन केला.

लोकांनी सांगितलं ते असं. दाजींनी गाडीच्या मागं, बंद गाडी लांबून दिसावी म्हणून ठेवतात तो लाल त्रिकोण उभा केला होता. वाऱ्यानं तो पडला, म्हणून ते उचलायला गेले. त्याच वेळी दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं गाडी पाहून बाजू दिली, पहिली ट्रॉली निघून गेली, दुसरी झोल खाऊन आत आली. बाहेर आलेल्या उसानं दाजींना खाली पाडलं. इंदापूरच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा आक्का बाकावर बसलेली होती आणि तिच्या मांडीवर दाजींचा डबा होता. कुणीतरी गाडीतून काढून तिच्या हातात दिला होता. गाडीला ओरखडाही नव्हता.

चार दिवसांनी ती गाडी मीच ओढून आणली आणि तो टायर मीच खोलला. आत काळी पूड होती, मूठभर. टायरमध्ये हवा कमी असताना तो बरंच अंतर चालला, की भिंत आतून घासून अशी पूड होते. एक बारका स्क्रू रुतलेला होता. म्हणजे हवा एकदम गेली नव्हती. हळूहळू, दोन-तीन दिवस जात होती. गाडीला ते कळलं असणार. पण ज्या दिव्यानं सांगायचं तो आधीपासूनच पेटलेला होता आणि त्याकडं बघू नका म्हणून मी सांगितलं होतं. मी पूड झाडून टाकली आणि टायर भंगारात दिला. कुणाला बोललो नाही.

गाडी निरवांगीला नेऊन शेडमध्ये लावली. दहाव्या-बाराव्याला गेलो तेव्हा आबा सगळ्यांसमोर म्हणाले, "माज्या पाठीपायी गेला. कडक टायर हुतं, तेच बरं हुतं. म्हाताऱ्याला मऊ पायजे म्हणून बदाललं." लोकांनी समजूत घातली. मीही घातली. "आबा, असं म्हणू नका," एवढंच.

आबांनी डॉक्टरकडं जाणं बंद केलं. कुठल्याच गाडीत बसेनात. पाठीचा पट्टा काढून टाकला, खाटेवरची गादी काढायला लावली आणि उघड्या फळीवर झोपू लागले. आक्का सांगायची, कूस बदलताना ओरडतात, पण गादी घालू देत नाहीत. मी दर महिन्याला जायचो आणि दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. फळं ठेवून परत यायचो. सहा महिने गेले.

शेवटी एका सकाळी गेलो तेव्हा आबा शेडजवळ खुर्चीत बसले होते. एका अंगाला कलले होते, चेहरा राखेसारखा. मला म्हणाले, "ये पावणं."

मी खाली बसलो आणि सांगून टाकलं. दिवा, पंप, स्क्रू, पूड, सगळं. त्यांनी मधे थांबवलं नाही. मग विचारलं, "दिवा लागला हुता म्हंजी गाडी सांगत हुती?"

"व्हय आबा. पण आधीच लागलेला हुता, म्हणून त्यांस्नी कळायचा मार्ग न्हवता."

"आन तू म्हनलास, ऱ्हाऊ द्या."

"व्हय."

"टायर कडक असतं तर?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. "तर कारखान्यापत्तुर पोचलं असतं," मी म्हणालो. "पण मऊ टायरनं बी काय झालं नसतं, मी काम पुरं केलं असतं तर. पाठीचा दोष न्हाय आबा. माजा हाय."

मग मागून आवाज आला. आक्का चहा घेऊन आली होती, कधीची उभी होती ते मला माहीत नाही.

"निघालो म्हनलास तवा कुठं हुतास?" तिनं विचारलं.

"गॅरेजात. दुसऱ्या गाडीखाली."

"किती येळ?"

"पाऊण तास. जीपवाल्याबरोबर चहा बी घेतला."

तिनं दोन कप आणले होते. एक आबांच्या हातात दिला आणि दुसरा परत घेऊन आत गेली. आतून कडी लागली.

आबा म्हणाले, "जा आता." मी उठलो तसं परत म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. पन मला तुजं तोंड बघवंना. थोडं दिस येऊ नगंस."

त्या आठवड्यात ते शेजाऱ्याच्या गाडीतून डॉक्टरकडं गेले, हे मला डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून कळलं. गादीही परत घातली म्हणे. आक्कानं निरोप पाठवून गाडी न्यायला सांगितली. मी नेली, टायर पहिल्यासारखे कडक घातले, सगळे हिशेब नीट पुसून नवे घेऊ दिले, आणि पुण्यात एका माणसाला विकून दिली. कशी चालते ते बघायला त्यानं मला शेजारी बसवून एक चक्कर मारली. "काय बॅलन्स आहे!" तो म्हणाला. मी हो म्हणालो.

आक्का आता दाजींच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. बसनं जाते. दोन वर्षं झाली, राखीपौर्णिमेला तिच्याकडून काही आलेलं नाही. आबांचा मात्र कधी कधी फोन येतो, महिन्यातून एखादा. पाऊसपाणी विचारतात, गॅरेज कसं चाललंय विचारतात. मी आक्काला द्या म्हणालो की ते म्हणतात, "रानात गेलीया." पाठीमागं भांड्यांचा आवाज येत असतो.