पेटीतल्या तीन काचा

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस, दुपारची वेळ. मी काचा धूत होते. आधीच सांगते — जळगावच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची लॅब सांभाळते. भुताखेतांसाठी मला कधी वेळच मिळालेला नाही.

वैशाली आमच्याकडे पीएच.डी. करते. काचेवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर बसवायचा असतो. भट्टीत त्याला अख्खा दिवस लागतो, अतिनील दिव्याखाली अर्धा तास. उजेड पडेल तिथे थर पक्का होतो. सावलीतला कच्चा राहतो, धुतला की निघून जातो. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तीन काचा तपासणीला पाठवायच्या होत्या. ती तारीख चुकली तर तिचा प्रबंध सहा महिने लांबणार. आणि तिला संध्याकाळच्या बसनं माहेरी सोनगीरला जायचं होतं. म्हणून दिवा.

पहिली काच धुतली, तर कडेला चार गोल ठिपके कोरे. मी म्हटलं, "बोटं लावलीस ना? मन आधीच माहेरच्या झोक्यावर जाऊन बसलंय तुझं."

ती म्हणाली, चिमट्यानंच धरली होती.

दुसरी मी स्वतः ठेवली. धुतल्यावर चार बोटं... मुळापर्यंत.

दिवा पोलादी पेटीत असतो. झाकण उघडलं की आपोआप विझतो. म्हणजे उजेडात हात जाणं शक्यच नाही. मी पेटी आतून पुसली, तिसरी काच ठेवली आणि आम्ही दोघी समोर स्टुलांवर बसून राहिलो.

तिसरीवर अख्खा पंजा होता, मनगटापर्यंत. पेटीच्या मागच्या भिंतीकडून झाकणाकडे येणारा.

वैशाली माझ्याशी एरवी शुद्ध बोलते. आता हळूच अहिराणीत म्हणाली, "मॅडम, हाई काय शे?" आणि माप घ्यायला स्वतःचा हात काचेवर नेऊ लागली. मी तो इतक्या जोरात ओढला की सणासाठी भरलेली तिची नवी बांगडी फुटली.

"अजून एकदा लावू," ती म्हणाली. "तपासणी चुकेल."

मी दिव्याचा प्लग काढला आणि तिला रिक्षात बसवून दिलं.

नंतर पेटी जाणकारांकडून तपासून घेतली. दोष सापडला नाही. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

आखाजीच्या दिवशी सकाळी मात्र पुरणाच्या मांड्यांचं सगळं जावेवर सोपवून मी बंद कॉलेजात गेले. नव्या काचा भट्टीत लावल्या आणि खुर्ची त्या पेटीकडे तोंड करून ठेवली. तिच्याकडे पाठ फिरवायची हिंमत झाली नाही.